नावाच्या संताचा सण घरी: खूण एकच निवडा, हात मुलांचे लागू द्या

प्रश्न विचारणाऱ्या ताई मूळच्या वसईच्या, आता ठाण्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. मुलगी सात वर्षांची: शाळेत अनया, बाप्तिस्म्याचं नाव ॲग्नेस. मुलगा चार वर्षांचा, आजोबांच्या नावावरून अँथनी. ऑफिसमधल्या एका पोलिश सहकाऱ्याच्या घरी त्यांनी नावाचा दिवस, म्हणजे आपल्या नावाच्या संताचा सण, साजरा होताना पाहिला आणि आपल्याही मुलांसाठी असं काही करावं, असं त्यांच्या मनात आलं. सजावट विकतची नको, घरी केलेली हवी. पण शोधायला गेलं की सगळीकडे वाढदिवसाचे फुगे आणि चकचकीत झालरी. त्यात अँथनीचा सण ऐन पावसाच्या तोंडावर, शाळा उघडण्याच्या गडबडीत. शिवाय सासूबाई म्हणतील, हे काय नवीन खूळ?

ताई, मी पॅरिशमध्ये धर्मशिक्षण शिकवते आणि मुलांकडून सणासुदीची सजावट करून घेणं हे माझं आवडतं काम आहे. तुम्ही सजावटीबद्दल विचारलंत, पण तुमची खरी अडचण वेगळी दिसते. हा दिवस वाढदिवसापासून वेगळा कसा ठेवायचा, हे ठरत नाहीये, म्हणून काय बनवायचं तेही सुचत नाहीये. वाढदिवसाला सगळं मुलाभोवती फिरतं. नावाच्या सणाला मूल आणि त्याचा संत असे दोघं असतात. सजावटीने त्या दोघांची ओळख करून द्यायची. एवढं मनाशी धरलं की फुग्यांचा प्रश्न आपोआप मिटतो, कारण फुगा कुठल्याच संताची गोष्ट सांगत नाही.

म्हणून माझी पद्धत अशी: आधी गोष्ट, मग त्या गोष्टीतली एक खूण, आणि मग ती एकच खूण घरभर. दहा वस्तू करायला गेलात तर रात्री अकरा वाजता तुम्ही एकट्याच कात्री घेऊन बसाल आणि मुलं झोपलेली असतील. एक खूण असली तर चार वर्षांचा मुलगाही तिच्यात हात घालू शकतो.

आधी काही गोष्टी परिस्थितीवर सोडते. घर कॅथलिक असेल तर संतांचे दिवस चर्चच्या पंचांगात तयारच आहेत. बहुतेक प्रोटेस्टंट घरांत संतांचे सण पाळण्याची रीत नाही. तिथे याच पद्धतीने बाप्तिस्म्याचा दिवस साजरा करता येतो. घरातलं कुणी दुसऱ्या धर्मातलं असेल, तर त्यांना आधी बसवून गोष्ट सांगा आणि सजावटीला हात लावायला बोलवा. सजावट करताना माणूस पाहुणा राहत नाही. आणि घर लहान असेल तर आल्तार, म्हणजे घरातली प्रार्थनेची जागा, आणि जेवणाचं टेबल, या दोनच जागा सजवा. आणखी काही लागत नाही.

आता नाव कुठलं धरायचं. अनयाच्या बाबतीत सोपं आहे, बाप्तिस्म्याचं नाव ॲग्नेस, सण 21 जानेवारी. पण हे वाचणाऱ्या अनेकांच्या मुलांची नावं आशिष, स्नेहल, अमोल अशी असतील आणि बाप्तिस्म्यालाही तीच दिली असतील. त्यात काही वावगं नाही. कॅथलिक चर्चच्या 1983 च्या धर्मसंहितेतला 855 वा नियम एवढंच सांगतो की ख्रिस्ती भावनेला परकं वाटेल असं नाव देऊ नये. अशा मुलांसाठी मी या क्रमाने जाते: दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) वेळी संताचं नाव घेतलं असेल तर ते. नसेल तर मूल जन्मलं किंवा बाप्तिस्मा झाला त्या दिवशी पंचांगात ज्या संताचं नाव आहे तो. तेही मनाला भिडत नसेल तर 1 नोव्हेंबर, सर्व संतांचा सण, हक्काचा आहेच. आणि वसईकरांना आपल्या मातीतला संत हवा असेल तर गोन्सालो गार्सिया आहेत. वसईत जन्मले, 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत क्रूसावर हुतात्मा झाले, 1862 मध्ये संतपद मिळालं, सण 6 फेब्रुवारीला. मुलाला कळायला लागलं की त्याला स्वतःला संत निवडू द्या. स्वतः निवडलेल्या संताशी मुलं फार जिव्हाळ्याने वागतात.

रंगाचं कोडं चर्चनेच सोडवून ठेवलंय. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चालू असताना फादरांच्या वस्त्रांकडे पाहा: हुतात्म्यांच्या दिवशी लाल, बाकीच्या संतांच्या दिवशी पांढरा. प्रेषितांनाही लाल, फक्त 27 डिसेंबरच्या संत योहानाला पांढरा, कारण त्याला हौतात्म्य आलं नाही अशी परंपरा आहे. म्हणजे तुमच्या घरात ॲग्नेसचा सण लाल आणि अँथनीचा पांढरा. सकाळी मिस्सेला गेलात आणि फादर त्याच रंगात दिसले, की घरातला सण आणि देवळातला सण एकच आहे हे मुलाला न सांगता कळतं. सोनेरी रंग मी दोन्हीबरोबर वापरते, पण जपून.

आधी अँथनी, कारण अडचण तिथे जास्त आहे.

गोष्ट सांगायला घ्या. 1195 मध्ये लिस्बनला जन्म, बाप्तिस्म्याचं नाव फर्नांडो. फ्रान्सिस्कन झाल्यावर अँथनी हे नाव घेतलं. तुमच्या लेकासाठी हे छान आहे: त्याच्या संतानेही हे नाव आवडीने घेतलं होतं. 13 जून 1231 रोजी पादुआजवळ मृत्यू, आणि वर्ष व्हायच्या आत संतपद. मुलगा विचारेल, मेले त्या दिवशी सण का? माझ्या वर्गात हा प्रश्न हमखास येतो. मी सांगते, त्या दिवशी ते देवाच्या घरी पोचले, म्हणून चर्च तो त्यांचा स्वर्गातला जन्मदिवस मानतं. योहान बाप्तिस्मा करणाऱ्याचा 24 जूनचा सण मात्र त्याच्या पृथ्वीवरच्या जन्माचा आहे. येशू आणि मरियामाता सोडल्यास असा मान त्यालाच.

अँथनीच्या खुणा बऱ्याच: हातात लिली, कडेवर बाळ येशू, भाकर, पुस्तक, मासे. यातून चार वर्षांच्या मुलासाठी मी डोळे मिटून मासे निवडेन. दंतकथा अशी की रिमिनी गावात लोक त्यांचं ऐकेनात, तेव्हा ते पाण्याकाठी जाऊन माशांना उपदेश करू लागले आणि मासे डोकी वर काढून ओळीने ऐकत राहिले. ही गोष्ट मुलाला एकदाच सांगावी लागते, पुढे तोच सगळ्यांना सांगत सुटतो. आणि वसईच्या माणसाला मासा परका नाही.

पावसात कागद वापरू नका. पतंगी कागद, क्रेप, घोटीव, काहीही आणा, 13 जूनच्या दमट हवेत दोन दिवसांत सगळं मान टाकतं आणि खळीला बुरशी येते. मीठ-मैद्याच्या वस्तूही या दिवसांत नकोत, मीठ हवेतली ओल ओढतं आणि वस्तू मऊ पडते. पावसाळ्यात ओलं साहित्यच वापरायचं, म्हणजे पानं, वेली, फुलं, नाहीतर ओलीची पर्वा नसलेलं कापड.

नारळाच्या पातीचे मासे हे त्यासाठी उत्तम. हिरवी झावळी घ्या, प्रत्येक पातीतला हीर काढा, की दोन लांब पट्ट्या मिळतात. त्या आडव्याउभ्या गुंफून मासा करतात. वसईला माहेरी कुणाला तरी तो नक्की येत असेल, त्यांच्याकडून हातानेच शिकून घ्या, लिहून कळण्यासारखं ते काम नाही. मुलाकडून पट्ट्या ओढून घट्ट करून घ्यायच्या आणि डोळ्याच्या जागी लाल गुंज किंवा मणी तुम्ही दोऱ्याने शिवायचा. लहान मुलाच्या हाती सुटी गुंज देऊ नका, ती विषारी असते. त्यापेक्षा मणीच बरा. दमट हवेत हे मासे दोन-तीन दिवस टवटवीत राहतात, मग पिवळे पडतात, आणि पिवळेही देखणे दिसतात. सुतळीला ओवून आल्तारासमोर एकाच दिशेला तोंडं करून टांगा, ऐकायला बसल्यासारखे. ठाण्यात झावळी मिळाली नाही तर जुन्या पांढऱ्या चादरीचे मासे कापून, दोन तुकडे शिवून आत चिंध्या भरा. ते वर्षानुवर्षं टिकतील.

एक काळजी घ्या. झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद मिळालेल्या झावळ्या सजावटीला घेऊ नका. त्या जपायच्या असतात, पुढच्या वर्षीच्या राखेच्या बुधवारसाठी त्याच जाळून राख करतात. सणाला ताजी झावळी वेगळी आणा.

लिली मोठ्यांसाठी ठेवा. बाजारात कापडासारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या पिशव्या मिळतात, त्या दमट हवेत लुळ्या पडत नाहीत. त्या कापून साधारण 12 सेंटिमीटर लांब आणि 4 सेंटिमीटर रुंद अशा सहा पाकळ्या, प्रत्येकीच्या मधोमध बारीक तार शिवून, आत सहा पिवळे लोकरीचे धागे. फूल मनासारखं वळवता येतं. पण खरं सांगू, जूनमध्ये अंगणात किंवा बाजारात अनंत, तगर, मोगरा मिळत असताना मी कापडी फुलांवर वेळ घालवत नाही. पांढरी ताजी फुलं तांब्यात ठेवली तरी अँथनीचा आल्तार भरून येतो.

भाकर मात्र सोडू नका. संत अँथनीच्या नावाने गरिबांना भाकर देण्याची परंपरा जुनी आहे, आणि या सणाचा जीव मला त्यातच दिसतो. सकाळी पाववाल्याकडून जास्तीचे पाव घ्या. कापडाच्या छोट्या पिशव्या मुलांनी आदल्या दिवशी रंगवलेल्या असू द्या, माशाचा ठसा बटाट्याचा. अर्धा बटाटा कापून त्यावर माशाचा आकार कोरणं तुमचं काम, ठसे मारणं अँथनीचं. मग ते पाव इमारतीचा वॉचमन, सफाईवाल्या ताई, शेजारची एकटी राहणारी आजी यांना त्याच्याच हाताने द्या. टेबलावर मांडून ठेवलेल्या त्या पिशव्यांची रांग हीच तुमची टेबलाची सजावट. दुसरं काही मांडायची गरज पडत नाही.

सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. ज्यांच्यावरून अँथनीचं नाव ठेवलं त्या आजोबांचाही सण 13 जूनलाच. तो सण दोघांचा करा. आजोबा असतील तर नातवाने केलेला एक मासा त्यांच्या गळ्यात घाला. नसतील तर त्यांचा फोटो आल्ताराजवळ ठेवून त्यांच्यासाठी एक प्रार्थना म्हणा. मंगळवारची संत अँथनीची नोव्हेना सासूबाईंना नवी नसेल. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांच्या नावाचा सण आजही साजरा होतो, आपणही ओळखीच्या सिस्टरांना त्या दिवशी 'हॅपी फीस्ट' म्हणतोच. पोलंडमध्ये तर बरीच मोठी माणसं वाढदिवसापेक्षा नावाच्या दिवसालाच घर उघडं ठेवतात. आपल्याकडे ही गोष्ट संपली नव्हती, घरातून थोडी मागे पडली होती, एवढंच सासूबाईंना सांगा. आणि त्यांच्या लहानपणी संताच्या सणाला काय करायचे, हे त्यांनाच विचारा. जे सांगतील ते यंदा करा.

गोव्यात तर पावसाळी सणाची सजावट अंगावरच असते. 24 जूनच्या सांजांवला, म्हणजे योहान बाप्तिस्मा करणाऱ्याच्या सणाला, डोक्यावर कोपेल घालतात, म्हणजे वेली, पानं, फुलं आणि फळं गुंफलेला मुकुट, आणि विहिरीत उड्या मारतात. तुमच्या मुलांसाठी मला कोपेलची कल्पना फार योग्य वाटते. कुठल्याही पावसाळी लवचिक वेलीच्या तीन काड्या वेणीसारख्या घाला, मुलाच्या डोक्याच्या मापाने गोल बांधा, आणि फटींत पानं-फुलं खोचा. विकतच्या वाढदिवसाच्या टोपीला हे उत्तर आहे. वेल ओळखीची असावी, चीक येणारी किंवा खाजरी नको.

आता ॲग्नेस. जानेवारीत हवा कोरडी, सगळं साहित्य चालतं, त्यामुळे अडचण साहित्याची नाही, गोष्टीची आहे. ॲग्नेस ही रोमची बारा-तेरा वर्षांची मुलगी, चौथ्या शतकाच्या सुरुवातीला तिला येशूवरच्या निष्ठेपायी मारलं गेलं. सात वर्षांच्या मुलीला हे कसं सांगायचं, असं आया मला नेहमी विचारतात. मी लपवत नाही आणि रंगवतही नाही. 'तिला म्हणाले येशूला सोड, ती म्हणाली नाही सोडणार, म्हणून तिला मारलं,' एवढं पुरतं. हत्यारं कापून लावू नका, आग रंगवू नका. मुलीने पुढे विचारलं तर तेवढ्यापुरतं उत्तर द्या. संत लॉरेन्सची जाळी, संत सेबॅस्टियनचे बाण अशा खुणांबद्दलही माझं हेच मत आहे: त्या मोठ्या मुलांसाठी. लहानांना त्यांच्या जागी हुतात्म्यांची झावळी द्या, तीही जुनीच खूण आहे.

ॲग्नेसची खूण कोकरू. आणि या कोकराला एक जिवंत गोष्ट जोडलेली आहे. 21 जानेवारीला रोममध्ये दोन कोकरांना आशीर्वाद देण्याची परंपरा आहे, आणि त्यांच्या लोकरीतून जो पट्टा विणतात तो 29 जूनला, संत पेत्र आणि पौल यांच्या सणाला, नव्या महाधर्मगुरूंसाठी (आर्चबिशपांसाठी) आशीर्वादित होतो. मुंबईच्या आर्चबिशपांच्या खांद्यावर तुम्ही जो पांढरा लोकरी, काळ्या क्रूसांचा पट्टा पाहता तो हाच. कोकराचं सजावटीत काय काम, हे मुलीला यातून नीट समजतं, आणि पुढच्या वेळी कॅथेड्रलमध्ये ती तो पट्टा शोधत बसते.

कोकरू लोकरीचंच करा. पुठ्ठ्याची 4 सेंटिमीटर रुंदीची पट्टी घेऊन त्यावर पांढरी लोकर भरपूर गुंडाळायची, पट्टी काढून मधोमध घट्ट बांधायची आणि दोन्ही कडा कापल्या की गोंडा तयार. मोठा गोंडा अंग, लहान गोंडा डोकं, काळ्या कापडाचे कान, आईस्क्रीमच्या काड्यांचे पाय. सात वर्षांची मुलगी हे जवळजवळ सगळं स्वतः करते, फक्त गाठ घट्ट बांधायला मोठं माणूस लागतं. कोकरांच्या गळ्यात लाल रिबीन, खाली लाल घोटीव कागदाचं तोरण. लाल आणि पांढरा, एवढे दोनच रंग ठेवा, घर लगेच सणाचं दिसतं. मीठ-मैद्याची कोकरं करायची असतील तर या महिन्यात जरूर करा: दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, आणि मळता येईल इतकं, वाटीभराच्या आसपास पाणी. ओव्हन असेल तर अगदी मंद आचेवर दोन-तीन तास, नाहीतर जानेवारीच्या उन्हात काही दिवस, मधूनमधून उलटून. वाळल्यावर रंगवून वार्निशचा हात द्या आणि पाऊस सुरू व्हायच्या आत हवाबंद डब्यात ठेवा.

तुमच्या घरात नसेल, पण वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी जोसेफ असेल तर त्याचा सण, 19 मार्च, जवळजवळ नेहमीच ईस्टरआधीच्या उपवासकाळात येतो. त्या काळात वेदीवर फुलं ठेवत नाहीत, पण संत जोसेफचा सण मोठ्या दर्जाचा, म्हणून त्या दिवशी चालतात. घरीही मनमोकळी सजावट करा, दुसऱ्या दिवशी काढून ठेवा. उपवासकाळ मनात खुपत असेल तर 1 मे, कामकरी जोसेफचा दिवस, तुमच्यासाठी आहे.

दोन्ही मुलांच्या सणाला एक गोष्ट समान ठेवा: बाप्तिस्म्याची मेणबत्ती. कपाटात कुठेतरी गुंडाळून ठेवलेली असेलच. संध्याकाळी आल्तारावर ती लावा, मुलाला तिच्याजवळ बसवा आणि बाप्तिस्म्याच्या वेळी हीच तुझ्यासाठी पेटवली होती, असं सांगा. त्याच्या संताचं नाव घेऊन सगळ्यांनी 'आमच्यासाठी विनंती कर' म्हणा. धर्ममाता, धर्मपिता जवळ राहत असतील तर त्यांनाच मेणबत्ती पेटवायला बोलवा, लांब असतील तर व्हिडिओ कॉलवर घ्या. दरवर्षी थोडाच वेळ लावा, म्हणजे ती लग्नापर्यंत पुरेल. कागदी तोरण आणि लोकर तिच्यापासून हातभर लांब, मेणबत्ती जाड काचेच्या ग्लासात, आणि खोलीत कुणी मोठं नसताना ती विझवलेली.

वेळेबद्दल शेवटचं. 13 जूनला शाळेची वह्या-पुस्तकं, गणवेश, सगळं एकदम अंगावर येतं, म्हणून मासे आधीच्या रविवारी करून ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, पिशव्यांवरचे ठसे त्याच्याही आधी. त्या दिवशी सकाळी फक्त टांगायचं आणि पाव आणायचे. बुधवार असो की शुक्रवार, सण त्याच तारखेला करा, सोयीचा शनिवार बघू नका. मिस्सेत त्या दिवशी त्याच संताची प्रार्थना चालू असते, आणि संध्याकाळी अर्धा तास मिळाला तरी गोष्ट, मेणबत्ती आणि पाव एवढं बसतं. कापडी मासे, कोकरं, बटाट्याच्या ठशाची एखादी पिशवी एका खोक्यात घालून त्यावर मुलाचं आणि संताचं नाव लिहून ठेवा. पुढच्या वर्षी खोकं मुलालाच उघडू द्या, आणि त्या वर्षी त्यात एकच नवी वस्तू घाला.